फिन्वेच्या घरातली भाऊबंदकी: चूक नेमकी कुणाची?

रानवारा

गेल्या महिन्यात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचं 'सिल्मरिलियन' चौथ्यांदा वाचून संपवलं. पहिल्या वेळी, कॉलेजात असताना, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेल्या प्रतीची पन्नास पानं झाली आणि नावांच्या जंगलात हरवून ती मिटून ठेवली होती. आता मात्र हे पुस्तक मला युद्धांचं वाटतच नाही. एका घराचं वाटतं. बाप एक, आया दोन, मुलगे तीन, आणि त्या तिघांच्या मनातलं जे काही साचलं त्यात पुढची सगळी राज्यं बुडाली.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोल्किन गेले १९७३ मध्ये, पुस्तक त्यांच्या मुलाने संपादित करून १९७७ मध्ये काढलं. फिन्वे हा नोल्डोर या एल्फकुळाचा राजा. त्याची बायको मीरिएल, भरतकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फेआनोर जन्मला आणि तिच्यातलं सगळं बळच त्या बाळात उतरलं. 'आता मला विसावा हवा' म्हणून ती आडवी झाली ती उठलीच नाही. एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत, वालार या देवतांच्या त्या पवित्र भूमीत तर मरण कुणी पाहिलंच नव्हतं. तिथला हा पहिला मृत्यू, आणि तोही बाळंतिणीचा. काही वर्षांनी फिन्वेने इंदिसशी लग्न केलं. तिला फिंगोल्फिन आणि फिनार्फिन झाले. फेआनोरला ना सावत्र आई आवडली, ना भाऊ. पुढे मेल्कोर या दुष्ट देवतेने फिन्वेला मारून फेआनोरने घडवलेले सिल्मरिल हिरे पळवले, आणि ते परत मिळवायची शपथ घेऊन फेआनोर सात मुलांसह समुद्रापार त्याच्यामागे निघाला.

पुस्तकातच एक वाक्य आहे, त्याचा भाव असा: फिन्वेने दुःख सोसून एका मुलावर समाधान मानलं असतं तर फेआनोरची वाट वेगळी झाली असती आणि मोठा अनर्थ टळला असता, असं पुष्कळांना वाटे.

मला हे वाक्य टोचतं. बायको गेलेल्या माणसाने पुन्हा संसार मांडला, ही अनर्थाची सुरुवात? की चूक दुसऱ्याच कुणाची? आणि असं घर फुटल्यावर माणसाने निष्ठा कुठे ठेवायची, बापाकडे, भावाकडे, की शपथेकडे? मोकळेपणाने लिहा. रहस्यभेद होणारच आहे, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

टपरीवाला

पहिला! जागा धरून ठेवतो. दुकान बंद करून रात्री लिहितो.

चिंगी_नाशिककर

मी फक्त सिनेमे पाहिलेत. गलाड्रिएल आणि एलरॉन्ड एवढे दोघंच माहीत. ते या घरातले कोण? कुणीतरी नाती मराठीत सांगा ना. इंग्रजीत सगळेच अंकल आणि कझिन, काही उमगत नाही.

शब्दवेधी

@चिंगी, मराठीत ही वंशावळ फार सोपी होते. घे:

फिन्वे. पत्नी मीरिएल, तिचा मुलगा फेआनोर. फेआनोरची बायको नेर्दानेल, त्यांना सात मुलगे: माएध्रोस, माग्लोर, केलेगोर्म, कारांथिर, कुरुफिन आणि जुळे आम्रोद-आम्रास.

फिन्वेची दुसरी पत्नी इंदिस. तिचा थोरला फिंगोल्फिन, त्याची मुलं फिंगोन, टुर्गोन आणि मुलगी आरेधेल. धाकटा फिनार्फिन, त्याची मुलं फिनरोद आणि इतर भाऊ, शेंडेफळ गलाड्रिएल.

म्हणजे गलाड्रिएल फेआनोरची सावत्र पुतणी. एलरॉन्ड टुर्गोनच्या मुलीचा नातू. टुर्गोन आणि गलाड्रिएल सख्खी चुलत भावंडं. पुढे गलाड्रिएलच्या मुलीचं, केलेब्रियानचं, लग्न एलरॉन्डशी झालं, म्हणून तो तिचा जावईही. सिनेमातली आर्वेन ही गलाड्रिएलची नात.

चिंगी_नाशिककर

म्हणजे एलरॉन्डची सासू गलाड्रिएल! आता त्याचा चेहरा कायम गंभीर का असतो ते कळलं. (हलके घ्या.) खूप धन्यवाद, वंशावळ वहीत उतरवून घेतली.

धूमकेतू

माझ्या मते चूक फिन्वेचीच, पण लग्नाची नाही. चूक झाली ती लग्नानंतर.

फेआनोरने फिंगोल्फिनच्या छातीला तलवारीचं टोक लावलं, तेही भर वाड्यात, बापाच्या दालनाच्या दाराशी. त्याबद्दल वालारांनी त्याला बारा वर्षं शहराबाहेर काढलं (ती त्यांची वर्षं, आपल्या हिशोबाने शंभराहून जास्त). तेव्हा राजा काय करतो? एका मुलाच्या प्रेमापोटी राज्य सोडून त्याच्यामागे फोर्मेनोसला जाऊन राहतो. ज्याच्या छातीवर तलवार टेकली होती त्या मुलाला मागे ठेवून! राज्य सांभाळायची वेळ आली फिंगोल्फिनवर. आणि तो गादीवर बसलेला पाहून फेआनोरला वाटलं, बघा, म्हणत नव्हतो का मी, याला माझी जागाच हवी होती.

आईविना पोर म्हणून केलेले लाड कुठे थांबवायचे ते फिन्वेला कळलं नाही. दुसरं लग्न करणाऱ्याने दोन्हीकडच्या मुलांना समान लेखायला हवं. ते जमणार नसेल तर इंदिसला त्या घरात आणायचंच कशाला?

मृदा

धूमकेतू, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. मी 'इंदिसकडची' आहे. माझ्या वडिलांची पहिली पत्नी वारली तेव्हा दादा चार वर्षांचा होता. मग माझी आई आली, मग मी.

बाहेरून पाहणाऱ्याला 'समान लेखा' म्हणणं सोपं जातं. आमच्या घरात बाबा दादाला कधी रागावले नाहीत. मला रागवायचे. लहानपणी मला तो पक्षपात वाटायचा. मोठी झाल्यावर कळलं, दादाला ते न रागावणंच जास्त लागायचं. तो म्हणाला होता, "तुला घरातली समजून ओरडतात, मला पाहुण्यासारखं वागवतात." फिन्वे फोर्मेनोसला गेला ते वाचताना मला नेहमी हेच आठवतं. बापाला वाटलं असेल आपण पोराची बाजू घेतली. पण तिथे कुणीतरी फेआनोरला खडसावायला हवं होतं, आणि तो अधिकार एकट्या फिन्वेचा होता.

दादाच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. पत्रिकेत वराच्या आईचं नाव कुणाचं घालायचं यावरून घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेवटी माझी आईच म्हणाली, मोठ्या ताईंचं वर घाला, माझं खाली. दादाने मसुदा हातात घेतला आणि दोन्ही नावं एकाच ओळीत लिहून छापखान्यात स्वतः देऊन आला. आम्हा बहीणभावांचं नातं खरं तर त्या दिवशी सुरू झालं.

रानवारा

मृदा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'पाहुण्यासारखं' हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

गोदाकाठ

मला तर फिन्वे म्हटलं की शंतनू आठवतो. तिथेही राजाचं दुसरं लग्न आणि पहिलीचा थोर मुलगा. देवव्रताने बापाच्या लग्नासाठी आपलं राज्य आणि संसार दोन्ही सोडायची प्रतिज्ञा केली, फेआनोरने त्याच्या बरोबर उलट केलं. पण गंमत बघा, ज्याने सगळं सोडलं त्याच्या घराचंही कुरुक्षेत्रच झालं. म्हणून मला लग्नापेक्षा प्रतिज्ञेची भीती वाटते. भीष्माची प्रतिज्ञा जशी द्रौपदीच्या वेळी त्याची जीभ बांधते, तशीच फेआनोरच्या मुलांची शपथ त्यांचे हात बांधते.

पुस्तकी_किडा

गोदाकाठ, थोडा असहमत. एल्फांच्या प्रत्येक धाग्यावर महाभारत येतं आणि मग मूळ गोष्टीत जे वेगळं आहे तेच हातून निसटतं. या मातीत उत्तरेकडच्या दंतकथा आहेत, फिनलंडचं 'कालेवाला' आहे. तिथल्या कुल्लेर्वोवरून टोल्किननी आपला तूरिन घडवला.

इथलं वेगळेपण असं की मीरिएल 'गेलेली' नव्हती. एल्फाचा आत्मा मांडोस या मृतांच्या देवतेच्या दालनात जातो आणि मनात असेल तर पुन्हा देह घेऊन परत येऊ शकतो. तिनेच नकार दिला. आता राजाने करायचं काय? तिथे विवाह एकदाच आणि जग असेपर्यंतचा. त्यामुळे वालारांना खास न्यायसभा भरवावी लागली. निकाल असा लागला की मेलेल्या जोडीदाराची परतायची इच्छाच नसेल तर दुसरं लग्न करता येईल, पण मग पहिलीला कधीच परतता येणार नाही, कारण एका माणसाच्या दोन बायका एकाच वेळी जिवंत असू शकत नाहीत. हे सगळं 'मॉर्गोथ्स रिंग' या १९९३ च्या खंडात सविस्तर आहे.

म्हणजे फेआनोरच्या नजरेतून बघा. बापाने लग्न केलं त्या दिवशी आईची परतीची वाट कायद्याने बंद झाली. आपल्याकडच्या कुठल्याही सावत्रपणात हे नाही. त्याचा राग मला कळतो. त्याने पुढे जे केलं ते मात्र नाही.

गोदाकाठ

हा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य, इथे शंतनू पुरत नाही. प्रतिज्ञेबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम.

टपरीवाला

आलो. सगळ्यांनी मुख्य भांडण सोडून दिलंय, म्हणून ते मी घेतो. उच्चाराचं!

मीरिएलचं टोपणनाव थेरिंदे, म्हणजे भरतकाम करणारी. तो 'थ' जीभ दातांना लावून, वारा सोडत काढायचा. पुढे नोल्डोरांच्या बोलण्यात त्याचा 'स' व्हायला लागला, सेरिंदे. मीरिएलने सांगून ठेवलं होतं की माझं नाव 'थ'नेच घ्या. फेआनोर मोठा भाषापंडित, आईच्या आठवणीसाठी त्याने 'थ' धरून ठेवला आणि मुलांनाही तोच शिकवला. आणि इंदिस? ती वान्यार या दुसऱ्या एल्फकुळातली, त्यांच्यात 'थ' शाबूत होता. तरी सासरच्यांसारखं बोलायचं म्हणून तिने मुद्दाम 'स' उचलला. बिचारी घरात मिसळायला बघतेय आणि फेआनोरला वाटतंय, माझ्या आईचं नाव पुसतेय.

आपल्याकडे न आणि ण वरून माणसं एकमेकांचं कुळ काढतात, 'पानी' म्हणणाऱ्याला पंगतीत हसतात. मी लहानपणी ते हसणं सोसलंय. त्यामुळे टोल्किन हा भाषेचा माणूस होता आणि राजघराणं फुटायला त्याला एक अक्षर पुरलं, यात मला काहीच अतिशयोक्ती वाटत नाही. फेआनोर या संकेतस्थळावर असता तर शुद्धलेखनाचे सगळे धागे त्याच्याच नावावर असते, एवढं मात्र नक्की.

चिंगी_नाशिककर

टपरीवाले काका, 'पानी'वाल्यांकडून दोन हात जोडून नमस्कार.

कोकणमेवा

धागा मस्त चाललाय. पण या सगळ्यात मेल्कोर कुठे गेला? दोघा भावांचे कान भरणारा तोच ना. फेआनोरला सांगायचं की फिंगोल्फिन तुझी गादी बळकावतोय, फिंगोल्फिनच्या कानावर घालायचं की फेआनोर तुम्हाला शहरातून हाकलणार आहे. शेवटी फिन्वेला मारून सिल्मरिल हिरे पळवले तेही त्यानेच.

धूमकेतू

कान भरणारा प्रत्येक गावात असतो, पण आधीच भेगा पडलेल्या भिंतीतच पाणी मुरतं. फिनार्फिनच्या बाबतीत मेल्कोरला काही करता आलं का? नाही. तो शांत राहिला.

रानवारा

फिनार्फिनचं नाव निघालंच आहे तर निष्ठेच्या प्रश्नाकडे येऊ. त्याची बायको एआरवेन ही तेलेरी या समुद्रकाठच्या एल्फकुळाचा राजा ओल्वे याची मुलगी. फेआनोरने जहाजांसाठी अल्क्वालोंडेच्या बंदरात ज्यांची कत्तल केली ती याच्या सासऱ्याची माणसं. फिनार्फिन भावांबरोबर थोडी वाट चालला आणि मांडोसचा शाप ऐकून परत फिरला. त्याची मुलं मात्र परतली नाहीत, चुलत भावांबरोबर पुढे गेली. एकाच घरात बापाची निष्ठा एकीकडे आणि मुलांची दुसरीकडे, आणि तरी कुणी कुणाला गद्दार म्हटलं नाही.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडते ती माएध्रोस आणि फिंगोनची जोडी. नात्याने सावत्र चुलत भाऊ. पलीकडच्या तीरावर पोचल्यावर माएध्रोसने बापाला विचारलं, जहाजं परत पाठवायची तर आधी कुणाला आणायचं, फिंगोनला ना? फेआनोर हसला आणि त्याने जहाजांना आग लावली. माएध्रोस एकटा बाजूला उभा राहिला, त्याने मशाल धरली नाही. मागे राहिलेल्या फिंगोल्फिनच्या लोकांना हेल्काराक्सेच्या बर्फावरून चालत यावं लागलं, टुर्गोनची बायको तिथेच गेली.

पुढे माएध्रोस शत्रूच्या हाती लागतो, थांगोरोड्रिमच्या कड्याला उजव्या मनगटाने टांगला जातो. सख्ख्या सहा भावांतला एकही सोडवायला येत नाही. येतो फिंगोन, एकटा, हातात वीणा घेऊन. आणि तेव्हा त्याला ठाऊकच नव्हतं की जहाजं जळताना माएध्रोसला त्याची आठवण झाली होती! त्याच्या लेखी हा त्याला बर्फात सोडून गेलेल्यांपैकीच एक. तरी गेला. बेडी तुटेना म्हणून मनगटावरून हात कापला आणि गरुडाच्या पाठीवरून त्याला घेऊन आला.

त्यानंतर माएध्रोसने राजपदावरचा हक्क सोडला आणि तो फिंगोल्फिनला दिला. बाप ज्या मुकुटासाठी भावावर तलवार उपसतो, तोच मुकुट थोरला मुलगा आपणहून काकाच्या हाती ठेवतो.

धूमकेतू

रानवारा, प्रसंग मलाही आवडतो, पण पुढचं पान उलटा. हाच माएध्रोस नंतर सिल्मरिलसाठी डोरिआथ या एल्फांच्या राज्यावर चालून जातो आणि तिथला राजा डिओर मारला जातो. केलेगोर्मच्या नोकरांनी डिओरची दोन लहान मुलं रानात उपाशी मरायला सोडली. माएध्रोसला पश्चात्ताप झाला, त्याने रान धुंडाळलं, मुलं सापडली नाहीत. मैत्रीसाठी मुकुट देणारा माणूस शपथेपुढे इतका हतबल कसा होतो? म्हणून मी म्हणतो, त्याची निष्ठा शेवटी बापाशीच होती. मेलेल्या बापाशी.

आजीचा_बटवा

तुम्ही सगळ्यांनी बाप, मुलगे, भाऊ मोजले. नेर्दानेलबद्दल एक ओळ नाही. फेआनोरची बायको. त्याला समजावू शकणारी एकटी तीच होती, सुरुवातीला तो तिचं ऐकायचाही. तो निघाला तेव्हा तिने पदर पसरला की सातातला एक तरी मुलगा मागे ठेवा, जुळ्यांतला एक तरी. त्याने नाही म्हटलं. टोल्किनच्या शेवटच्या काळातल्या लिखाणात असं आहे की जहाजं जाळली त्या रात्री जुळ्यांतला एक जण जहाजातच झोपला होता. बापाने लावलेल्या आगीत तो जळाला.

मी दोन मुलांना परदेशी पाठवलंय, रोज फोन येतो तरी जीव टांगणीला असतो. ती बाई सात मुलं पाठवून तिथेच राहिली, कारण नवरा जे करतोय ते चूक आहे हे तिला कळत होतं. तिची निष्ठा कुणी मोजणार की नाही?

मृदा

आजी, नमस्कार. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

कोकणमेवा

थोडं विषयांतर करतो, पण निष्ठेचंच आहे. माएग्लिन.

फिंगोल्फिनची मुलगी आरेधेल भाऊ टुर्गोनच्या गुप्त नगरीतून, गोंडोलिनमधून, बाहेर पडते आणि एओल नावाच्या अंधाऱ्या रानातल्या एल्फाच्या हाती लागते. मुलगा होतो तो माएग्लिन. मायलेक पळून गोंडोलिनला येतात, मागोमाग एओल. टुर्गोन सांगतो, इथेच राहा नाहीतर मर. एओल मुलावर विषारी भाला फेकतो, आई मध्ये पडते आणि मरते. एओलला कड्यावरून लोटून देतात. पोरगा मामाकडे वाढतो आणि मामाच्या मुलीवर, इद्रिलवर, जीव लावून बसतो.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, मग अडचण काय? आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे पहिला मान भाच्याचा! माझ्या आजोबांनी मामाचीच मुलगी केली होती. एल्फांमध्ये इतक्या जवळच्या नात्यात लग्न होत नाही हे वाक्य मी चक्क गाळून पुढे गेलो होतो. मग दोन पानं मागे आलो. त्यांच्या लेखी तो सोयरिकीचा प्रश्न नव्हताच, मनाच्या वाकड्या वाटेची खूण होती. शेवटी शत्रूने पकडल्यावर हाच माएग्लिन नगरीचा ठावठिकाणा सांगून टाकतो. बदल्यात त्याला इद्रिल आणि राज्य मिळणार असतं.

टपरीवाला

साताऱ्याकडे जन्मला असता तर पत्रिका छापून झाली असती आणि गोंडोलिन आजही उभं असतं.

शब्दवेधी

टपरीवाला, खुर्चीवरून पडलो. पण इद्रिलला तो आवडतच नव्हता, हे विसरू नका. मामा तयार झाला असता तरी ती झाली नसती.

पुस्तकी_किडा

निष्ठेचं सगळ्यात अवघड उदाहरण मला फिनरोदचं वाटतं. थिंगोल हा डोरिआथचा आधीचा राजा, ओल्वेचा भाऊ, म्हणजे फिनरोदच्या आईचा काका. त्याच्या दरबारात फिनरोदवर आरोप होतो की तुम्ही आमच्या नातलगांच्या रक्ताने हात माखून आलात. फिनरोदने अल्क्वालोंडेला शस्त्र उचललेलं नाही. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता, पण त्यासाठी चुलत भावांची नावं घ्यावी लागली असती. तो गप्प राहतो. त्याची बहीण गलाड्रिएल तर त्याआधी थिंगोलच्या मेलियान राणीला निम्मीच हकिकत सांगते, कत्तलीचं नावही काढत नाही. शेवटी आंगरोद भाऊ चिडून सगळं सांगून टाकतो.

मला अजून ठरवता आलेलं नाही की फिनरोदचं ते मौन थोर की चुकीचं. थिंगोलला खरं कळायचा हक्क होताच ना?

गोदाकाठ

होता. पण घरचं माप परक्यांपुढे काढायचं नसतं हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला ते जमत नाही. आणि त्याचं फळ काय? ज्यांची नावं त्याने वाचवली त्यातल्याच दोघांनी, केलेगोर्म आणि कुरुफिनने, पुढे त्याच्याच राज्यात राहून त्याची प्रजा त्याच्याविरुद्ध फितवली. तो बेरेन या मानवाला दिलेल्या वचनासाठी दहा सोबती घेऊन निघाला आणि मेल्कोरचा सेनापती साउरोन याच्या तळघरात, बेरेनवर धावलेल्या लांडग्याशी नुसत्या हातांनी लढून मेला. फिनरोदचं ते वचन मात्र मला भीष्मप्रतिज्ञेसारखं वाटत नाही. शपथ वाचवणारीही असू शकते, एवढं या धाग्याने मला पटवलं.

शब्दवेधी

कुरुफिनचा मुलगा केलेब्रिंबोर त्याच वेळी बापापासून वेगळा झाला. बापाला हाकललं, मुलगा तिथेच राहिला. फेआनोरचा हा नातू. पुढे त्यानेच तीन अंगठ्या घडवल्या आणि त्यातली नेन्या गलाड्रिएलच्या हाती सोपवली. फेआनोरने गलाड्रिएलकडे तिच्या केसांची एक बट तीनदा मागितली होती आणि तिने तीनदा नाही म्हटलं होतं. त्याच्या नातवाची अंगठी तिने घेतली.

चिंगी_नाशिककर

थांबा, मग तीच बट तिने सिनेमात बुटक्या गिम्लीला दिली ना? तेही तीन केस! अंगावर काटा आला. मला वाटलं होतं, उगाच एक गोड प्रसंग घातलाय.

रानवारा

@चिंगी, हो. तीनदा नकार, मग तीन केस.

आता माग्लोरचं राहिलं. सिरिओनच्या बंदरावरचा शेवटचा हल्ला. डिओरची मुलगी एल्विंग सिल्मरिल घेऊन समुद्रात उडी मारते, तिचे जुळे मुलगे एलरॉन्ड आणि एल्रोस मागे राहतात. हल्ला करणाऱ्यांतला माग्लोर त्यांना उचलतो, वाढवतो. त्यांच्यात माया जडली, असं पुस्तक म्हणतं, कुणाला खरं वाटणार नाही अशी. ज्यांचं घर जाळलं त्यांचाच पालक. धूमकेतू, तुमचा मुद्दा मला मान्य आहे की शपथ शेवटी जिंकते. पण शेवटच्या रात्रीही माग्लोर थोरल्या भावाशी वाद घालतो: शपथ मोडली तरी अंधार, पाळली तरी अंधार, पण मोडली तर आपल्या हातून पाप तरी कमी होईल. माएध्रोस ऐकत नाही आणि माग्लोर भावाबरोबर जातो. मला वाटतं, त्या क्षणी त्याला शपथेपेक्षा भाऊच मोठा होता. हिरा हाताला जाळतो. माएध्रोस त्यासकट आगीच्या दरीत उडी घेतो, माग्लोर तो समुद्रात फेकून किनाऱ्यावर गात भटकतो.

धूमकेतू

'भावाला एकटं सोडायचं नाही म्हणून गेला' हे वाचन मी कधी केलं नव्हतं. आज रात्री ते प्रकरण पुन्हा काढतो.

पुस्तकी_किडा

मूळ प्रश्नाकडे परत. रानवारा, तुम्ही दिलेलं वाक्य अर्धंच आहे. त्याच्या पुढेच लिहिलंय की इंदिसची मुलं थोर झाली, त्यांची मुलंही, आणि ती जन्मलीच नसती तर एल्फांचा इतिहास उणा राहिला असता.

हिशोब करा. इंदिस नाही तर फिंगोल्फिन नाही, म्हणून फिंगोन नाही आणि माएध्रोस कड्यालाच लटकलेला. टुर्गोन नाही, म्हणून इद्रिल नाही, तिचा मुलगा एआरेंडिल नाही. मग मेल्कोरविरुद्ध वालारांकडे मदत मागायला समुद्रापार जाणार कोण? एलरॉन्ड नाही, गलाड्रिएल नाही. अनर्थ ज्या लग्नातून आला म्हणता त्याच लग्नातून तो निवारणारेही आले.

रानवारा

हो, मी अर्धंच वाक्य धरून बसलो होतो. चार वाचनांत चारही वेळा.

यात माझं कारणही सांगतो. टोल्किन चार वर्षांचे असताना वडील गेले, बारा वर्षांचे असताना, १९०४ मध्ये, आई. हे वाचल्यापासून मी फेआनोरकडे आई गेलेला पोरगा म्हणूनच पाहत आलो, आणि इंदिसकडे कधी नीट पाहिलंच नाही. मृदा, ते तुमच्या प्रतिसादाने झालं.

'मॉर्गोथ्स रिंग'मध्ये एक शेवट आहे तो इथे लिहितो. मेल्कोरने मारल्यावर फिन्वेचा आत्मा मांडोसला जातो, तिथे मीरिएल भेटते. तिला आता परत जगावंसं वाटतंय. फिन्वे म्हणतो, मी इथेच राहीन, कायमचा, म्हणजे तिला जाता येईल. ती देह घेऊन परतते आणि वाइरे देवीच्या घरी जाऊन विणायला बसते. विणते ती फिन्वेच्या घराण्याची सगळी कहाणी. त्यात इंदिसची मुलंही आलीच.

आजीचा_बटवा

सवतीच्या लेकरांची गोष्ट तिच्या हातून विणली गेली. देवा.

चिंगी_नाशिककर

पुस्तक मागवलं. शुक्रवारपर्यंत येईल. वंशावळ पहिल्या पानात घालून ठेवणार आहे.

मृदा

शब्दवेधी, एक विनंती. तुम्ही वर लिहिलेली वंशावळ लोक उतरवून घेतायत. त्यात मीरिएल वरच्या ओळीत आहे आणि इंदिस खाली 'दुसरी पत्नी' म्हणून. दोघींची नावं फिन्वेसमोर एकाच ओळीत घेता येतील का?

शब्दवेधी

संपादकांना सांगून बदल करून घेतला. चिंगी, वहीत तूही दुरुस्त कर.

चिंगी_नाशिककर

केलं.